घर बदललं, हे कबुतरांना कोण सांगणार?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी घर बदललं आहे? बाबांची बदली झाली, नाही तर जुना वाडा पाडून तिथे इमारत उठायची ठरली, की टेम्पो दारात येतो. कपाटं, भांडी, पुस्तकांची खोकी, तुळशीची कुंडी, सगळं टेम्पोत चढतं. नव्या घरी पहिले चार दिवस झोप लागत नाही. शाळेतून येताना पाय आपोआप जुन्या गल्लीकडे वळतात. हो की नाही?

पण आपल्याला निदान कुणी समजावून तरी सांगतं. ज्यांना सांगून कळतच नाही, त्यांचं काय? ही गोष्ट आहे आमच्या कबुतरांची.

1986 साली मी सातवीत होते. पुण्याच्या कसबा पेठेत आमचा वाडा होता आणि वाड्याच्या गच्चीवर काकांची ढाबळ. ढाबळ म्हणजे कबुतरांचं लाकडी घर, बरं का! त्यात अकरा कबुतरं होती. ही साधी पारवे नव्हेत, शर्यतीची ‘होमर’ जातीची. छाती भरदार, पंख लांब. शे-दोनशे किलोमीटरवर नेऊन सोडलं तरी त्याच दिवशी घरी हजर. वारा बरा असेल तर ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगाने उडणारी!

दसरा झाला आणि आम्ही कोथरूडला राहायला गेलो. मागे वाडा पाडायला सुरुवात झाली. नव्या गच्चीवर काकांनी ढाबळ उभी केली आणि मला बजावलं, “मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही हं.”

चौथ्या दिवशी काका कामावर गेले होते. कबुतरं जाळीला चोची लावून बाहेर बघत होती. मला त्यांची दया आली. वाटलं, चार दिवस इथलंच खाल्लं-प्यायलं, आता ओळख झाली असेल. मी दार उघडलं. अकराच्या अकरा कबुतरं भर्रकन वर गेली, आकाशात दोन गिरक्या घेतल्या आणि सरळ रेषेत पूर्वेकडे निघून गेली. परत आलीच नाहीत.

संध्याकाळी काका घरी आले. रिकामी ढाबळ बघून ते एक शब्दही बोलले नाहीत. दाण्यांचा डबा आणि वेताची टोपली उचलली, मला सायकलवर डबलसीट बसवलं आणि आम्ही कसब्यात गेलो. वाडा नव्हताच. नुसता विटा-मातीचा ढीग. आणि शेजारच्या कौलांवर ओळीने बसून आमची कबुतरं त्या ढिगाकडे बघत होती.

काकांनी डबा खुळखुळवला. एकेक करून नऊ कबुतरं खाली उतरली. दोन मात्र दिसली नाहीत, ती कधीच सापडली नाहीत. त्या रात्री मी खूप रडले. काका एवढंच म्हणाले, “अगं, त्यांची चूक नाही. घर बदललं ते आपण. त्यांचं घर तिथेच आहे.”

कबुतराला वाट कशी सापडते?

हे समजून घ्यायचं तर आधी कबुतराच्या डोक्यात डोकवायला हवं. घरी परतायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे दिशा आणि दुसरी म्हणजे नकाशा.

दिशेसाठी कबूतर सूर्याचा उपयोग करतं. सूर्य दिवसभर सरकत असतो, म्हणून त्याच्या शरीरातलं ‘घड्याळ’ वेळेचा हिशोब ठेवतं. शास्त्रज्ञांनी काही कबुतरांना खोट्या उजेडात ठेवून त्यांचं हे घड्याळ सहा तासांनी चुकवलं. मग बाहेर सोडल्यावर ती सुमारे 90 अंशांनी चुकीच्या दिशेला निघाली! आणि ढगाळ दिवशी? अमेरिकेतल्या विल्यम कीटन यांनी 1971 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी कबुतरांच्या पाठीवर लहान लोहचुंबक बसवले होते. सूर्य दिसत नसताना अशी कबुतरं गोंधळायची. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही त्यांना उपयोग होतो. इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की वाऱ्यावरून येणारे वासही कबुतरांना वाट दाखवतात. ओळखीच्या भागात तर ती चक्क खालचे रस्ते धरून उडतात, असं इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या संशोधकांना दिसून आलं.

पण नकाशा मात्र लहानपणीच तयार होतो. पिल्लू पहिल्यांदा बाहेर पडतं, ढाबळीभोवती गिरक्या घेतं, डोंगर, नदी, छपरं, वास सगळं मनात साठवतं. त्या नकाशाच्या मधोमध जी जागा असते ते त्याचं घर. आमच्या कबुतरांना कोथरूडच्या आकाशातून पर्वतीची टेकडी दिसली असेल, की झालं! कसबा काही लांब नाही. त्यांच्या मते ती नेहमीसारखी घरीच परतली होती.

काकांनी मग काय केलं?

नऊ कबुतरं पुन्हा कोथरूडच्या ढाबळीत आली. आता काकांनी त्यांचे दोन गट केले. ज्यांनी वर्षानुवर्षं कसब्यावरून उड्डाण केलं, ती म्हातारी कबुतरं एका बाजूला. ज्यांनी फारसं उड्डाण केलं नव्हतं, ती तरुण जोडपी दुसऱ्या बाजूला. पण खरा भरवसा तिसऱ्याच गटावर होता. तो गट अजून जन्मालाच यायचा होता!

कबुतराची मादी बहुधा दोन अंडी घालते. आई आणि बाप दोघंही आळीपाळीने ती उबवतात. साधारण सकाळी दहापासून दुपारी उशिरापर्यंत बापाची पाळी, बाकी वेळ आणि रात्रभर आईची. सुमारे अठरा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. सुरुवातीला दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं घट्ट ‘दूध’ पिल्लांना भरवतात. आठवड्याभराच्या पिल्लाच्या पायात काका साल आणि नंबर असलेलं कडं घालत. चार आठवड्यांत पिल्लू स्वतः दाणे टिपायला लागतं.

आणि इथूनच नवं घर ‘लावायला’ सुरुवात होते. काकांची पद्धत अशी होती:

पहिली गोष्ट म्हणजे, डबा. रोज दाणे द्यायच्या आधी डबा खुळखुळवायचा. बाजरी, मका, वाटाणा काहीही असो, आवाज तोच. पिल्लांच्या मनात डबा म्हणजे जेवण हे पक्कं बसलं पाहिजे.

दुसरी, जाळीचा पिंजरा. ढाबळीच्या दाराबाहेर काकांनी तारेच्या जाळीचा मोठा पिंजरा बसवला. पिल्लं त्यात येऊन ऊन खायची, मान वाकडी करून आकाश बघायची, पलीकडची पाण्याची टाकी, नारळाचं झाड, सगळं न्याहाळायची. बाहेर जाता यायचं नाही, पण बघता मात्र यायचं. असं आठ-दहा दिवस.

तिसरी, योग्य वेळ. पिल्लं सोडायची ती संध्याकाळी, अंधाराच्या तासभर आधी. वारा नको, पाऊस नको, ससाणा-घार आसपास नको. त्या दिवशी दुपारी दाणे कमी द्यायचे, म्हणजे पोट घराची आठवण करून देतं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे, हात मागे बांधायचे! दार उघडून बाजूला बसायचं. पिल्लू आपल्या पायांनी बाहेर आलं पाहिजे. टाळ्या नको, हाकलणं नको, पकडायला धावणं नको. घाबरलेलं पिल्लू बिनघोर वर झेपावतं आणि त्याच्या डोक्यात अजून नकाशाच नसतो. ते कुठेही जाऊन हरवतं.

पहिल्या संध्याकाळी आमची चार पिल्लं दारातून बाहेर आली, गच्चीच्या कठड्यावर बसली आणि तिथेच बसून राहिली. मी श्वास रोखून बघत होते. काकांनी डबा खुळखुळवला, तशी ती टुणटुण उड्या मारत आत गेली. बस्स, एवढंच! पण काकांच्या चेहऱ्यावर जणू शर्यत जिंकल्याचा आनंद होता. तीन आठवड्यांत तीच पिल्लं थव्याने कोथरूडवर गिरक्या घेऊ लागली.

तरुण जोडप्यांना काकांनी अनेक महिने आतच ठेवलं. त्यांनी नव्या ढाबळीत अंडी घातली, तेव्हा एका वेळी एकालाच बाहेर सोडलं. दुसरं अंड्यांवर बसलेलं. तीन जोडप्यांपैकी दोन राहिली. तिसऱ्या जोडप्यातला नर अंडी सोडून कसब्याला गेलाच! काकांनी त्याला परत आणलं आणि पुन्हा कधी सोडलं नाही.

चाकांवरची ढाबळ

तुम्ही म्हणाल, घर एकदा बदलताना इतका त्रास, मग रोज बदलायचं असेल तर? तसंही माणसांनी केलंय! पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1918 या काळात, सैन्याला निरोप धाडायला कबुतरं लागायची आणि सैन्य तर सतत हलतं. तेव्हा गाड्यांवर ढाबळी बांधल्या गेल्या. लंडनच्या दुमजली बसचीसुद्धा ढाबळ करण्यात आली होती! अशा ढाबळींसाठी लहान वयाची कबुतरं घेत, कारण त्यांना गाडीच घर वाटावं लागे.

आपल्याकडे ओडिशा पोलिसांनी 1946 साली कबूतर सेवा सुरू केली. त्यांची कबुतरं बेल्जियन होमर जातीची. 1948 साली पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप पाठवला, तो या कबुतरांकरवीच. 1982 च्या महापुरात आणि 1999 च्या महाचक्रीवादळात तारा-फोन बंद पडले तेव्हाही ती कामाला आली. आता निरोपांचं काम उरलं नाही, समारंभात त्यांना मानाने सोडतात.

कबुतरांकडून दुहेरी टपालाची युक्तीही माणसाने शोधली. एका ठिकाणी ढाबळ ठेवायची आणि दाणे मात्र दुसऱ्या ठिकाणी द्यायचे. मग कबूतर जेवायला जातं आणि झोपायला परत येतं. म्हणजे कबुतराला दोन ठिकाणं आपली वाटू शकतात. पण त्यासाठी घाई चालत नाही.

आणि निळी?

म्हाताऱ्यांमध्ये एक मादी होती, निळी. सात वर्षांची, काकांची सगळ्यात वेगवान. मी एकदा विचारलं, “काका, हिला कधी सोडायचं?”

“कधीच नाही,” काका म्हणाले. “ही जिवंत असेपर्यंत कसब्यालाच जाईल. तिथे आता चार मजली इमारत आहे. दाणा-पाणी देणारं कुणी नाही. आपण तिला खोटी आशा कशाला दाखवायची?”

त्यांनी निळीसाठी जाळीचा पिंजरा लांबरुंद करून घेतला, पंख मारता येतील एवढा. आंघोळीला पसरट पाण्याची थाळी, ऊन, जोडीदार, सगळं दिलं. शर्यती मात्र संपल्या. पुढच्या वर्षी निळीच्या पिल्लाला आम्ही आधी चांदणी चौकातून सोडलं, मग आणखी लांबून आणि शेवटी लोणावळ्याहून. ते तासाभरात कोथरूडच्या गच्चीवर उतरलं, तेव्हा निळी जाळीआडून त्याच्याकडे बघत होती. तिला काय वाटलं असेल, कोण जाणे. मला मात्र चौथ्या दिवशी उघडलेलं ते दार आठवलं.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी ढाबळ असेल आणि घर बदलायची वेळ आली, तर दार उघडायची घाई करू नका. आई-बाबांना आणि जाणत्या माणसाला विचारा. ढाबळ साफ करताना नाकातोंडाला फडकं बांधा, कारण विष्ठेची धूळ श्वासाला बरी नाही. आणि तुमच्या वर्गात यंदा कुणी नवा मुलगा किंवा मुलगी आली असेल, गप्प गप्प बसत असेल, तर त्याला लगेच खेळायला ओढू नका. शेजारी बसा, डबा उघडा, थोडा वेळ द्या. तो आपल्या पायांनी बाहेर येईल!