खेळ घडविण्याची विद्या

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. कोळसाखाणीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारा, आमच्या युनियनचा एक जुना सभासद मारेगावहून सकाळच्या एसटीने आमच्या कचेरीत आला. बरोबर बारावी झालेला मुलगा होता. पाणी प्यायल्यावर त्याने विचारले, "भाऊ, पोट्टं म्हन्ते, गेम बनवाची डिग्री घेतो. फी मोठी हाये. वावर गहान ठेवू का?"

आम्ही हसलो. आज ह्या व्यासपीठावरून प्रथम त्या हसण्याची कबुली देतो. कोणतेही काम हलके नाही, असे मजुरांना सांगण्यात आमचे आयुष्य गेले आणि त्या मुलाचे काम मात्र आम्ही न पाहताच हलके ठरविले. मुलगा रागावला नाही. "काका, एकदा पाहा तरी," म्हणून त्याने जुन्या लॅपटॉपवर स्वतः केलेला खेळ उघडला. कापूस भरलेली बैलगाडी जिनिंगच्या फाटकापर्यंत न्यायची, एवढाच तो खेळ. गाडी जास्त भरली तर पैसे जास्त, पण बैल मंदावतो, खड्ड्यात चाक अडकते आणि सायंकाळी फाटक बंद होते. गाडी कमी भरली तर वेळेवर पोचता येते, पण हाती काही उरत नाही. तीन वेळा आम्ही फाटकाबाहेर राहिलो. चौथ्या वेळी कापूस कमी भरला. तेव्हा ध्यानात आले की, आपल्याला जे रोज सोसावे लागते ते ह्या पोराने नियमांत बसविले आहे.

त्यानंतर काही महिने आम्ही ह्या विषयाचे वाचन केले. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयात आणि संपाच्या मंडपात. तेव्हा पंडिताचा आव न आणता, त्या बापाला जे सांगावयास हवे होते तेच येथे मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. गेम म्हटले की आपल्या गावांत पैसे लावून हरलेली मुले आठवतात. ती भीती खोटी नाही. परंतु पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ ही निराळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स व साध्या करमणुकीच्या खेळांना मान्यता दिली. आपला विषय खेळ रचणाऱ्याचा आहे, पैसे लावणाऱ्याचा नव्हे.

खेळ रचणे आपल्याला नवे नाही. सापशिडीचे मूळ असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वर महाराजांचा मानला जातो. त्याच्या घरांत सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले असत. सद्गुणाच्या शिडीने वर जावे, दुर्गुणाच्या सापाने खाली यावे. कीर्तनात जे तासभर सांगावे लागते ते फासे हाती घेतलेल्या पोराला न सांगता कळते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाला दहा अवतारांचे दहा संच व एकशेवीस पाने असतात. ती आखणाराही रचनाकारच होता. नियम, निवड आणि दैव ह्या तिहींचे प्रमाण बसविणे म्हणजेच खेळाची रचना. विद्यापीठातही पहिले धडे बहुधा संगणकावर नसतात. कागद, फासे व सोंगट्या घेऊन खेळ मांडायचा, दुसऱ्याला खेळायला द्यायचा आणि तो कोठे कंटाळला, कोठे चिडला हे मुकाट्याने पाहून नियम बदलायचे.

पुढचा भाग यंत्राचा. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रे एकामागून एक पडद्यावर येतात, पण ती आधीच तयार असतात. व्हिडिओ गेममध्ये बहुधा तीस किंवा साठ चित्रे येतात आणि ती त्याच क्षणी तयार करावी लागतात, कारण खेळणारा पुढे काय करील हे आधी ठाऊक नसते. साठ चित्रे म्हणजे प्रत्येकाला सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात यंत्राने तीन कामे उरकायची: खेळणाऱ्याने काय दाबले ते पाहायचे, नियमांप्रमाणे प्रत्येक वस्तूची नवी जागा ठरवायची आणि चित्र काढायचे. हे चक्र खेळ संपेपर्यंत थांबत नाही. बैलाने खड्ड्यावरून उडी मारली तर त्याचा वर जाण्याचा वेग क्षणाक्षणाला गुरुत्वाकर्षणाने कमी करीत न्यावा लागतो. हे अकरावीच्या पुस्तकातलेच गणित. ज्या मुलाला त्रिकोणमिती निरर्थक वाटत होती, त्याला ती येथे भाकरीसारखी लागते.

एका माणसाने हे सारे करावे असे थोडेच असते. खाणीत जसे ड्रिल चालविणारा, डंपरवाला, इलेक्ट्रिशियन निरनिराळे, तसेच येथेही आहे. नियम ठरविणारा रचनाकार, आज्ञावली लिहिणारा प्रोग्रॅमर, चित्रकार, त्या चित्रांना चालविणारा ॲनिमेटर, ध्वनी देणारा, कथा लिहिणारा, दिवसभर खेळून चुका शोधणारा चाचणीदार आणि वेळापत्रक सांभाळणारा. म्हणून "गेमचे शिक्षण" ही सैल बोली झाली. मुलाने आधी स्वतःला विचारावे: ह्यांपैकी मी कोण?

हे शिक्षण विद्यापीठात कसे आले, ह्याची हकिकत कामगारांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचे शहर आहे. आपल्या वऱ्हाडचा कापूस जसा मँचेस्टरला जाई तसा बंगालचा ताग डंडीला जाई. पुढे कलकत्त्याच्या गिरण्यांनी तो धंदा ओढला आणि डंडीच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे टायमेक्सचा घड्याळांचा कारखाना आला. १९८० नंतरच्या दशकात त्यात सिंक्लेअर कंपनीचे स्पेक्ट्रम हे स्वस्त घरगुती संगणक जुळविले जात. ते शहरातील पोरांच्या हाती लागले आणि पोरे स्वतः खेळ लिहू लागली. डेव्हिड जोन्स ह्या तरुणाने त्याच कारखान्यात उमेदवारी केली होती. नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेतून त्याने संगणक घेतला आणि डीएमए डिझाइन ही कंपनी काढली. तिचा 'लेमिंग्ज' १९९१ मध्ये आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो' १९९७ मध्ये आला. त्याच १९९७ साली डंडीच्या ॲबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी सुरू केली. जगातील अशा पहिल्या पदव्यांत तिची गणना होते.

परंतु येथेच थांबलो तर ती जाहिरात होईल. १९९३ च्या जानेवारीत टायमेक्सच्या कामगारांनी कपातीविरुद्ध संप केला, त्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखाना बंद पडला. फाटकावर उभ्या राहिलेल्यांत बायका पुष्कळ होत्या. त्यांतल्या किती जणी पुढे गेम कंपनीत गेल्या असतील? नवा धंदा आला म्हणजे जुन्या कामगाराची सोय आपोआप झाली, असे कोणी सांगू लागला तर त्याला डंडीची ही दुसरी बाजूही विचारावी.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र आहे. तेथे व इतर काही संस्थांत बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीईईडी ही परीक्षा द्यावी लागते आणि ती कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते. राष्ट्रीय अभिकल्प संस्था, म्हणजे एनआयडी, हिच्या बंगळूर केंद्रात डिजिटल खेळांच्या रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०२५ च्या जुलैत मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकाराने भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उघडली. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन व गेमिंगचे धोरण मंजूर केले. म्हणजे दारे उघडत आहेत. मात्र ती मुंबई, पुणे, बंगळुरात उघडत आहेत, मारेगावच्या मोटारस्टँडवर नव्हे, हेही तितकेच खरे.

ह्या धंद्याचे ऊन आणि सावली दोन्ही पुण्यात पाहावयास मिळतात. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या तेथील लहान मंडळीने प्राचीन भारतातील एका मुलीची कथा घेऊन 'राजी' हा खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले. त्याच २०२० मध्ये उबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे व मुंबईचे स्टुडिओ करीत असल्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियलला हलविण्यात आले. हुशारी इथली, पण निर्णय परदेशातला. कापसाच्या भावाचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

आता पैशाचा प्रश्न. बापाने संस्थेच्या दारात तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली: पदवी कोण देणार? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे कायद्याने स्थापलेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व खास अधिकार मिळालेल्या संस्था ह्यांनाच पदवी देता येते. चकचकीत इमारत म्हणजे विद्यापीठ नव्हे आणि परदेशी नावाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. दुसरी: मागील वर्षी बाहेर पडलेल्या मुलांनी केलेले खेळ दाखवा. ह्या धंद्यात प्रमाणपत्रापेक्षा केलेले काम आधी पाहतात, तेव्हा ज्या संस्थेला दाखविण्यासारखे काम नाही तिने फी कशाची घ्यावी? तिसरी: मुलाने मधेच सोडले तर किती पैसे परत, हे लेखी द्या.

आणि उतावीळ होऊ नये. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथे संगणकशास्त्राची साधी पदवी घेता येते. गेम नाही जमला तरी त्या पदवीवर दुसरी नोकरी मागता येते. खेळाची हत्यारे आज फुकट मिळतात. गोडो हे खेळ बांधण्याचे साधन आणि ब्लेंडर हे चित्रे घडविण्याचे साधन, दोन्ही विनामूल्य व खुली आहेत. त्यांवर मुलाने वर्षभरात तीन लहान खेळ पुरे करावेत. पुरे करावेत हे महत्त्वाचे, कारण आरंभशूर पुष्कळ असतात. एवढे केल्यावरही ओढ टिकली तर डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेला बसावे.

शेवटी आमच्या धंद्याची गोष्ट. ज्याला खेळ म्हणतात ते करणाऱ्याला कामच असते. खेळ बाजारात येण्याची तारीख जवळ आली की आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस काम करवून घेण्याला तेथे 'क्रंच' असे खास नाव आहे. २००४ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने नाव न देता पत्र लिहून ही स्थिती उघडी केली. कंपनीवर दावे झाले आणि जादा तासांपोटी तडजोडीत कोट्यवधी डॉलर द्यावे लागले. २०२३ व २०२४ ह्या दोन वर्षांत जगभर ह्या धंद्यातील हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने गेम विभागातील १९०० माणसे कमी केली. दुसऱ्या बाजूस, मे २०२२ मध्ये रेव्हन सॉफ्टवेअरच्या चाचणीदारांनी मतदान करून युनियन उभारली. लक्षात घ्या, प्रथम उभे राहिले ते चाचणीदार, ज्यांना त्या धंद्यात सर्वांत खालचे मानतात. आपल्याकडे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट वेतनाची तरतूद आहे. "आवडीचे काम आहे, मग तास कशाला मोजता?" असे कोणी म्हणेल, तेव्हा मुलाने तास मोजण्यास सुरुवात करावी. आवड हे वेतन नव्हे. अभिकल्पाच्या शाळेत हे शिकवितात की नाही ह्याची वाट न पाहता आपणच घरून शिकवून पाठवावे.

त्या बापाला आम्ही अखेर सांगितले, "वावर गहाण ठेवू नका आणि पोराला अडवूही नका." मुलगा संगणकशास्त्राच्या वर्गात जातो आणि सुट्टीत येऊन आम्हांला खेळ दाखवितो. त्याच्या गाडीत आता बापही बसला आहे. अडत्याशी भाव बोलण्याची निवड त्याला दिली आहे. तो धंद्यात यशस्वी होईल की नाही, हे आम्ही भविष्यवेत्ते नसल्यामुळे सांगणार नाही. परंतु वावर अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि मुलगा अकरावीचे गणित पुन्हा उघडून बसला आहे. तुमच्याही घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल. आम्ही हसलो तसे हसू नका. आधी तो खेळ एकदा खेळून पाहा.