डब्यावर नाव लिहिलेली मुलं : युद्धकाळातल्या 'सागा' कादंबऱ्या का ऐकाव्यात

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

गेले तीन महिने ऑफिसला जाता-येता मी एकाच प्रकारची ऑडिओबुक्स ऐकतेय. इंग्लंड, दुसरं महायुद्ध, तीन-चार मैत्रिणी आणि शहरातून गावाला पाठवलेली मुलं. टीममधले हसतात, 'काय ग, सिरीयल ऐकतेस?' खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं.

आधी इतिहास, थोडक्यात

१ सप्टेंबर १९३९. युद्ध जाहीर व्हायला अजून दोन दिवस होते. पण शहरांवर बॉम्ब पडणार या भीतीने ब्रिटिश सरकारने मुलांना खेड्यात हलवायला सुरुवात केली. काही दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले. त्यात शाळकरी मुलं, शिक्षक, तान्ही बाळं घेतलेल्या आया, गरोदर बायका. मुलाच्या कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा डबा. आईला अनेकदा माहीतच नसायचं की पोरगं नेमकं कुठल्या गावी जाणार!

गावातल्या हॉलमध्ये मुलांना उभं करायचे आणि घरं त्यातून निवडायची. धडधाकट मुलं आधी जायची, मळकट, रडकी किंवा तीन भावंडं एकत्र असली की शेवटी उरायची. सांभाळणाऱ्याला एका मुलासाठी आठवड्याला साडेदहा शिलिंग मिळायचे.

मग यात मैत्री कुठून आली?

सागा म्हणजे लांबलचक, अनेक भागांत चालणारी कौटुंबिक कादंबरी. सगळं घडतं एका गल्लीत, गावात नाहीतर कारखान्यात. पुरुष आघाडीवर गेलेले. डिसेंबर १९४१ मध्ये तर २० ते ३० वयाच्या अविवाहित बायकांनाही युद्धसेवेत बोलवायचा कायदा झाला. म्हणजे एरवी एकमेकींच्या दारातही उभ्या राहिल्या नसत्या अशा बायका एका पाळीत, एका तळघरात आल्या. नॅन्सी रेव्हेल यांची 'द शिपयार्ड गर्ल्स' मालिका बघा : संडरलँडच्या गोदीत वेल्डिंग करणाऱ्या बायका. जेनिफर रायन यांच्या 'द चिलबरी लेडीज क्वायर'मध्ये पुरुष नाहीत म्हणून चर्चचं गायनपथक बंद होतं आणि बायका ते स्वतःच चालू करतात. त्याच गावात चेकोस्लोव्हाकियाहून आलेली सिल्वी नावाची ज्यू मुलगी आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर या मैत्रिणी एकमेकींचा बॅकअप असतात. एक कोसळली तर तिचं मूल, तिची पाळी, तिचं रेशन दुसरी उचलते.

आणि पाठवलेलं मूल आलं की गोष्टीत दोन आया होतात. एकीने काळजावर दगड ठेवून पाठवलं, दुसरीने ओळखदेख नसताना जेवू घातलं. खरी ओढाताण तिथे असते. मूल नव्या घरात रुळलं तर पहिलीला दुखतं, नाही रुळलं तरी दुखतं.

गोड नव्हतंच सगळं

या कादंबऱ्या कधीकधी फार गोड होतात, हे मान्य. प्रत्यक्षात काही मुलांना राबवलं गेलं, मारलं गेलं. बॉम्ब पडत नाहीत म्हणून बरीच मुलं १९४० च्या सुरुवातीलाच घरी परतली, आणि सप्टेंबरमध्ये लंडनवर हल्ले सुरू झाले.

त्याच महिन्यात कॅनडाला मुलं नेणारं 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. सरकारी योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ गेली. नाव आपल्या बनारसचं आणि खलाशीही बहुतेक भारतीय, त्यातले कितीतरी बुडाले. पण बेस वॉल्डर आणि बेथ कमिंग्ज या दोन मुली उलट्या झालेल्या लाइफबोटीला रात्रभर आणि पुढचा दिवस धरून राहिल्या. वाचल्या. जन्मभर मैत्रिणी राहिल्या, पुढे बेसने बेथच्या भावाशी लग्न केलं. कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, 'जरा जास्तच होतंय!' या जहाजावरून सुचलेली हेझल गेनर यांची 'द लास्ट लाइफबोट' (२०२३) जरूर ऐका.

मला का लागलं?

मी सात वर्षांची असताना बाबा बरेच महिने हॉस्पिटलमध्ये होते. आईने मला तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे सोलापूरला ठेवलं. माझ्या डब्यावर आईने मार्करने नाव लिहिलं होतं. परत आले तेव्हा मी आईला चुकून 'मावशी' म्हटलं. आई काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली. घरात ही गोष्ट आजही गंमत म्हणून सांगतात. मीही हसायचे.

या पुस्तकांमुळे पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी आईचं काय झालं असेल. आणि मावशीचंही, जिच्या घरातून मी मागे वळून न बघता रिक्षात बसले होते.

गेल्या रविवारी मावशीला फोन केला. म्हणाली, 'तुझा तो डबा अजून आहे ग माझ्याकडे, झाकण तेवढं हरवलंय.'

तुम्हालाही कुणीतरी असं सांभाळलं असेल, तर एपिसोड नंतर ऐका. आधी तिला फोन लावा.