रंग नुसता शायनिंगसाठी नाही!

‘गाडी पळाली म्हणजे झालं, दिसण्यात काय?’ आरसी कार रेसिंगमध्ये हे चालत नाही, बरं का! इथे ड्रायव्हर रिमोट घेऊन ट्रॅकबाहेरच्या उंच स्टँडवर उभा असतो. दोन गाड्या सारख्याच निळ्या असल्या की भलत्याच गाडीकडे बघत वळण घेतलं जातं आणि आपली थेट कडेला धडकते! शिवाय गाडी आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. म्हणून भडक निऑन, पुढे-मागे वेगळे रंग.

बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. रंग आतून मारतात, त्यामुळे गाडी घासली तरी तो खरवडत नाही. फक्त क्रम उलटा: आधी बारीक डिझाइन, मागाहून मुख्य रंग.

सो, स्प्रे हातात घेण्याआधी एकच विचार करा: लांबून माझी गाडी मला ओळखू येईल ना?