‘कूच’, ‘मजल’ आणि इंग्रजी ‘मार्च’

ऐतिहासिक पत्रांचें इंग्रजी भाषांतर करितांना ‘कूच’ या शब्दासाठीं ‘मार्च’ सर्रास योजिला जातो, आणि इंग्रजी ग्रंथांत ‘मार्च’ दिसला कीं मराठींत ‘कूच’ लिहिलें जातें. हा व्यवहार सोयीचा खरा. पण कालनिर्णयाच्या कामीं तो घात करितो, असें आमचें मत आहे.

‘मार्च’ म्हणजे पावलें टाकीत चालणें. निघाल्यापासून पोंचेपर्यंतची सारी चाल त्यांत येते. ‘कूच’ मूळचा तुर्की, फारसींतून आपल्याकडे आलेला. त्याचा अर्थ तळ हलविणें. डेरे उपटून लष्कर हललें कीं कूच झालें. मग तें दिवसांत दोन कोस जावो कीं आठ. त्याचा प्रतियोगी शब्द ‘मुकाम’. शिवाय कूच माघारींही होतें. १७७९ च्या जानेवारींत इंग्रजांची फौज ९ तारखेस तळेगांवीं पोंचली व ११ च्या रात्रीं तेथूनच मागें फिरली. कूच दोन्ही वेळां झालें.

‘मजल’ची गोष्ट अधिक मौजेची. अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याची जागा. मराठींत मुकामाचें हें नांव वाटचालीस मिळालें, आणि ‘मजल दरमजल’ लष्करें चालूं लागलीं. घराचा ‘मजला’ही त्याच कुळांतला.

आतां चाकणचें उदाहरण घेऊं. १६६० सालीं शाएस्तेखान १९ जूनला पुण्याहून निघाला व २१ जूनला चाकणपाशीं पोंचला. १४ ऑगस्टला सुरुंगानें बुरूज उडाला. दुसऱ्या दिवशीं फिरंगोजी नरसाळ्यानें किल्ला दिला. वेढा ५६ दिवस चालला, असें वारंवार वाचावयास मिळतें. खानाच्या कुचापासून सुरुंगापर्यंत मोजल्यास ५६ भरतात. पण पोंचल्यापासून किल्ला पडेपर्यंत, दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजल्यासही ५६ च भरतात! सबब बेरीज जुळली एवढ्यावरून आरंभाची तारीख सिद्ध होत नाहीं. मूळ लेखांत ‘कूच केलें’ आहे कीं ‘दाखल झाले’ आहे, हेंच पाहिलें पाहिजे. भाषांतरांत दोहोंचा ‘मार्च’ झाला असेल तर तो मार्ग बंद होतो.

‘प्रस्थान’ याहूनही फसवें. देहू-आळंदीच्या पालख्यांमुळें हा शब्द आपल्या नित्याच्या कानांवरचा आहे. परंतु मुहूर्त साधण्यासाठीं एखादी वस्तु आधीं घराबाहेर नेऊन ठेवण्याची चाल होती; तीस ‘प्रस्थान ठेवणें’ म्हणत. माणूस मागाहून निघे. ‘डेरेदाखल’ शब्दाचेंही तसेंच: धनी वाड्यांतून डेऱ्यांत आला, फौज अद्याप हललेलीच नाहीं.

चाकण, चिंचवड, तळेगांव या टापूंतील घराण्यांचीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांस आमची विनंती आहे कीं यादी करितांना केवळ ‘स्वारीचें पत्र’ असा शेरा मारूं नये. तारखेशेजारीं मूळचें क्रियापद जसेंच्या तसें उतरून घ्यावें. चार अक्षरांचा तो खर्च आहे.