व्हॉल्व्हचं नवं तंत्रज्ञान भारी आहे, पण गिऱ्हाईक कुठंय?



परवा एका मित्राचा फोन आला. "सर, कॅमशाफ्टशिवाय चालणारं इंजिन आलंय. साठवलेले चार लाख व्हॉल्व्हच्या धंद्यात घालू का?" मी म्हटलं, थांब. आधी दोन गोष्टी ऐक. तुम्हीही ऐका.

व्हॉल्व्ह इंजिनात हवा घेतो आणि धूर बाहेर सोडतो. तो उघडायचं काम कॅमशाफ्टचं. स्वीडनच्या कोनिगसेगच्या 'फ्रीव्हॉल्व्ह'ने कॅमशाफ्टच काढून टाकला. प्रत्येक व्हॉल्व्ह हवेच्या आणि तेलाच्या दाबावर, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेगळा चालतो. २०१६ मध्ये चीनच्या कोरोसने असं इंजिन प्रदर्शनात दाखवलं. २०२० मध्ये कोनिगसेगने 'जेमेरा' आणली : फक्त २ लिटर, तीन सिलिंडर, ६०० हॉर्सपॉवर! पुढे २०२३ मध्ये त्याच गाडीला व्ही-८ इंजिनाचा पर्याय दिला, आणि बहुतेक गिऱ्हाईक तिकडे वळलं. माल भारी होता, पण गिऱ्हाइकाला हवं होतं दुसरंच.

आता दुसरी गोष्ट. २००९ मध्ये फियाटने 'मल्टीएअर' आणलं. त्यांनी कॅम पूर्ण काढला नाही. एकाच कॅमवर काम भागवलं आणि हवा घेणारे व्हॉल्व्ह तेलाच्या दाबाने चालवले. पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत वाचेल, हा कंपनीचा दावा. शेफलर या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला लायसन्स दिलं. पुढे हे तंत्र टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरच्या पेट्रोल इंजिनात गेलं. आपल्या रांजणगावात बनलेल्या जीप कंपासच्या १.४ लिटर पेट्रोल इंजिनातही हेच होतं.

फरक कळला का? एकाने सगळंच बदललं, दुसऱ्याने अर्धंच बदललं. पण हे अर्धं जुन्या कारखान्यात बसलं, म्हणून विकलं गेलं.

माझाच अनुभव सांगतो. दुकान नवीन होतं तेव्हा मायलेज वाढवणारं एक यंत्र मी साठ हजारांचं भरलं. चार नग गेले, त्यातले दोन परत आले. बाकीचा माल अजून माळ्यावर आहे. एकाही मेकॅनिकला आधी विचारलं नव्हतं, ही माझी चूक.

म्हणून पैसे घालण्याआधी तीन प्रश्न विचारा :

१. पैसे कोण देणार? गाडीमालक, गॅरेजवाला की कंपनी?
२. आज चालणाऱ्या गाड्यांत हे बसतं का?
३. बिघडलं तर गावात दुरुस्त कोण करणार?

आणि एक विसरू नका, बॅटरीवरच्या गाडीला व्हॉल्व्हच नसतो. म्हणजे नव्या व्हॉल्व्हसाठी बाजार आधीच अरुंद होत चाललाय.

मग धंदा नाहीच का? आहे की! सीएनजी कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि सीट लवकर झिजतात. तुमच्या भागात सीएनजी रिक्षा, टेम्पो किती आहेत ते मोजा. हेडचं काम, सीट कटिंग, व्हॉल्व्ह सील कुठे करून घेतात ते विचारा. पाच गॅरेजवाले "आमचं काम तुला देतो" म्हणाले, तरच मशीन घ्या.

त्या मित्राला मी हेच सांगितलं. चार लाख अजून बँकेत आहेत, आणि तो सध्या गॅरेज फिरतोय. धंद्याची सुरुवात अशीच होते.