पौलाचे मैदान, हजारेंची खेळी

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. आजच्या मुलांना हजारे ठाऊक असतात ते क्रिकेटच्या विजय हजारे करंडकाच्या नावामुळे. श्रद्धेची वाढ कशी होते, याचा विचार करताना मला मात्र त्यांच्या दोन कामगिऱ्या आठवतात. त्या दोन्ही सामन्यांत त्यांचा संघ डावाने हरला होता.

पहिली डिसेंबर १९४३ मधली, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरची. पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘रेस्ट’ संघात. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन या चौघांत न बसणाऱ्यांचा तो संघ. अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्ट १३३ मध्ये आटोपले आणि फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. त्यांच्याबरोबर त्यांचे भाऊ विवेक यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्या तीनशेत विवेकचा वाटा होता २१! पराभव तरीही एक डाव आणि ६१ धावांनी झालाच. या विवेकबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. मंडळीत तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला त्यांचीच जागा येते: दुसऱ्या टोकाला उभे राहायचे, आपली विकेट जपायची आणि समोरच्याला खेळू द्यायचे.

दुसरी जानेवारी १९४८ मधली, ॲडलेडची. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. समोर लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान गोलंदाज. हजारेंनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक ठोकणारे ते पहिले भारतीय. त्या दुसऱ्या डावात भारताचे सहा फलंदाज शून्यावर गेले. समोरची रांग कोसळत असताना पुढचा चेंडू त्याच्या गुणदोषांवरच खेळायचा, ही गोष्ट ऐन वेळी साधत नाही. ती नेटमध्ये, कुणी पाहत नसताना, आधीच अंगात मुरलेली असावी लागते.

प्रेषित पौल नेमके हेच सांगू पाहत होता. तो करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. विजेत्याला मुकुट मिळे तो पाइनच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या सेलरीच्या पानांचा, चार दिवसांत चुरगळणारा. ऑलिंपियात उतरणाऱ्यांना तर दहा महिने कसून तयारी केल्याची शपथ घ्यावी लागे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचे दाखले देतो. नाशवंत मुकुटासाठी माणूस एवढा संयम पाळतो, मग अविनाशी मुकुटासाठी आपण किती पाळावा, असा त्याचा रोख आहे. तीमथ्याला तो सुभक्तीचा सराव करायला सांगतो आणि शरीराच्या कसरतीलाही थोडा उपयोग आहे, हे मान्य करतो.

सांगलीकराला हे समजावून सांगावे लागत नाही. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६४ मध्ये कुस्तीतला हिंदकेसरीचा मान आणला तो याच जिल्ह्यात, आणि पहाटेच्या जोर-बैठका, ठरलेला खुराक आणि वस्तादाचा शब्द यांशिवाय माती कुणाला पावत नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास, आजाऱ्याची विचारपूस या आपल्या जोर-बैठका. मन लागत नाही म्हणून प्रार्थना सोडणारा आणि अंग दुखते म्हणून तालीम सोडणारा एकाच जागी अडतात.

एक धोका मात्र आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांत मी पाहत आलो आहे. सरावाने तारण मिळते, असे नकळत वाटू लागते आणि ज्याचा सराव कमी त्याच्याकडे आपण वरून पाहू लागतो. कृपा आधी मिळते. सराव त्या मिळालेल्या जीवनाला बळकट करतो. शिवाय प्रत्येकाचा सराव एकाच साच्यातला नसतो. हजारे बॅटवर दोन्ही हात अंतर ठेवून धरत, पुस्तकी पद्धतीला सोडून. ऑस्ट्रेलियाचे थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांनी त्यांना मार्गदर्शन केले आणि ती पकड बदलू नका, असेच सांगितले. कुणाला पहाटेची शांतता मानवते, कुणाला रात्री घरच्यांबरोबरची भजने. चांगला पाळक हा फरक ओळखतो.

विश्रामबागसारख्या वस्तीत, जिथे विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांमुळे तरुणांची वर्दळ असते, रविवारची सकाळ ख्रिस्ती घरांत हमखास वादाची होते: मुलाचा सामना आणि उपासना एकाच वेळी. अशा वेळी धावपटू एरिक लिडेलचे नाव निघते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो त्यांत धावला नाही. चारशे मीटरमध्ये मात्र ४७.६ सेकंदांत त्याने सुवर्णपदक जिंकले. पालक गोष्ट इथेच थांबवतात. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि महायुद्धात वेइशियनच्या जपानी नजरकैद छावणीत अडकला. तिथल्या मुलांना तो खेळ शिकवी, पण रविवारी नाही. मग मुलांनी आपणच रविवारी हॉकीचा सामना लावला आणि देखरेखीविना त्यांत मारामारी झाली. पुढच्या रविवारी पंच म्हणून लिडेल स्वतः मैदानात उतरला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने त्याच छावणीत त्याचे निधन झाले.

घरात हा वाद निघेल तेव्हा मुलाला पॅरिसबरोबर वेइशियनही सांगावे, आणि निर्णय त्याच्यासोबत बसून, प्रार्थना करून घ्यावा.