विश्लेषण : कार्बनचा बाण खरेच मोडत नाही? पारंपरिक धनुष्यासाठी दांडी कशी निवडावी?

मोबाइलवर 'कार्बन बाण' असा शोध घेतला की डझनावारी पर्याय समोर येतात. त्यांतल्या अनेकांच्या जाहिरातीत 'हंटिंग' हा शब्द ठळक असतो आणि दांडी 'अनब्रेकेबल' असल्याचा दावाही. नांदेड, लातूरमध्ये धनुर्विद्या शिकू पाहणाऱ्या मुलांचे पालकही याच यादीतून खरेदी करतात. पण परदेशात शिकारीसाठी बनलेली दांडी आपल्याकडच्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्यावर नीट उडेल का, ती किती टिकेल आणि ती तुटली तर काय होते, हे जाहिरातीत सांगितलेले नसते.

नांदेड आणि धनुष्यबाणाचे नाते काय?

गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेडला वास्तव्य होते. येथेच त्यांनी बंदा सिंग बहादूर यांना पंजाबकडे रवाना करताना स्वतःच्या भात्यातील पाच बाण दिले, असे शीख परंपरा सांगते. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवट आणि माहूरच्या जंगलपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, परधान समाजाची वस्ती आहे. गोंड समाजात बांबूच्या धनुष्यबाणाची परंपरा जुनी आहे. स्पर्धात्मक खेळात 'इंडियन राउंड' हा बांबू किंवा लाकडी धनुष्याचा प्रकार आजही आहे आणि अनेक खेळाडूंची सुरुवात त्यातूनच होते.

धनुष्यबाणाने शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. कायद्यातील 'शिकार' या शब्दात केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, सापळा लावणे, हाकारा घालणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, मात्र शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या किंवा रोहीच्या बाबतीतही वन विभागाच्या परवानगीशिवाय शेतकऱ्याला परस्पर काही करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे पारंपरिक धनुष्याचा बाण लक्ष्यफलकासाठीच आहे, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यायला हवे.

बांबू, अॅल्युमिनियम आणि कार्बनमध्ये फरक काय?

बांबूची दांडी हवेतील ओलाव्याने वाकते. पण हलकी धग देऊन ती पुन्हा सरळ करता येते. अॅल्युमिनियमची दांडी आपटली की वाकते, आणि वाकलेली डोळ्यांना दिसते. कार्बनचे तसे नाही. ती वाकते, लगेच सरळ होते आणि सरळच राहते. सहनशक्तीपलीकडे ताण गेला की थेट तुटते. मधली पायरी जवळपास नाही.

कार्बनचे बारीक धागे रेझिनमध्ये बसवून ही पोकळ नळी तयार होते. धाग्यांचे कार्बन संमिश्र अॅल्युमिनियमपेक्षा बरेच हलके असते. त्याची घनता साधारण १.६, तर अॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. बहुतांश धागे लांबीच्या दिशेने असल्याने वाकण्याला ते उत्तम तोंड देतात. बाजूने बसलेला घाव किंवा चिरडणे मात्र त्यांना सोसत नाही. अशा घावाने आतले थर सुटतात आणि वरून दांडी नवीच दिसते. 'मोडत नाही' हा समज नेमका येथेच घातक ठरतो.

मग हा बाण अधिक चांगला का उडतो?

धनुष्यातून सुटलेला बाण सरळ जात नाही. पारंपरिक धनुष्यात मधली मूठ बाणाच्या वाटेत येते. दोरीचा धक्का बसताच बाण कमानीसारखा वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मासा पोहावा तसा हेलकावत पुढे जातो. याला 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाने बाणाच्या हालचालीचा अभ्यास केला. कार्बनची दांडी हलकी आणि कडक असल्याने हे हेलकावे लवकर शमतात, बाण लवकर स्थिर होतो. शिवाय दांडी बारीक ठेवता येत असल्याने वाऱ्याचा परिणामही कमी होतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी आलेली ईस्टन कंपनीची एक्स-१० ही दांडी याच तत्त्वावर बनली होती. अॅल्युमिनियमच्या बारीक नळीवर कार्बनचा थर, अशी तिची रचना आहे.

वेगाचा फरक गणिताने स्पष्ट होतो. ताशी नव्हे, सेकंदाला ४५ मीटर वेगाने सुटलेल्या बाणाला ३० मीटर अंतर कापायला सुमारे ०.६७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जवळपास २.२ मीटर खाली ओढते. वेग सेकंदाला ६० मीटर असेल, तर हीच घसरण सुमारे १.२ मीटर. म्हणजे बाण हलका आणि वेगवान असेल तर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम कमी ढळतो.

जास्त कडक दांडी म्हणजे जास्त चांगली का?

नाही, आणि सर्वाधिक पैसे येथेच वाया जातात. दांडीच्या कडकपणाला 'स्पाइन' म्हणतात. २८ इंचांवरील दोन आधारांवर दांडी ठेवून मध्यावर १.९४ पौंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम, वजन टांगतात. ती अर्धा इंच झुकली तर स्पाइन ५००, ०.३ इंच झुकली तर ३००. आकडा जितका लहान, दांडी तितकी कडक. लाकडी दांडीची मोजणी वेगळ्या पद्धतीने, पौंडांत होते. त्यामुळे दोन्हींवरचे आकडे थेट ताडून पाहू नयेत.

शिकारी दांड्या बहुधा जोरदार कंपाउंड धनुष्यासाठी बनतात. ४० पौंडांच्या आसपासच्या पारंपरिक धनुष्यावर ३०० स्पाइनची दांडी बहुतेक वेळा फारच कडक ठरते. तिला मुठीभोवती पुरेसे वाकता येत नाही. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मग सतत डावीकडे जातो. सराव करणाऱ्याला वाटते की आपला नेम चुकतो, प्रत्यक्षात दांडी चुकलेली असते. दांडी लांब ठेवली किंवा टोक जड लावले तर ती मऊ असल्यासारखी वागते. कापून आखूड केली तर कडक.

पारखायची सोपी पद्धत म्हणजे साधारण १५ मीटरवरून पिसे लावलेले काही बाण आणि बिनपिसाचा एक बाण मारणे. उजव्या हाताच्या खेळाडूचा बिनपिसाचा बाण इतरांच्या डावीकडे लागला तर दांडी कडक आहे, उजवीकडे लागला तर मऊ.

हलका बाण धनुष्याला चालतो का?

मर्यादेपर्यंतच. बाण फार हलका असेल तर दोरीची उरलेली ऊर्जा धनुष्याच्या बाहूंनाच सोसावी लागते. लाकडी धनुष्य त्याने तडकू शकते. म्हणून पारंपरिक धनुष्यासाठी ताणाच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन साधारण ८ ते १० ग्रेन असावे, असा संकेत आहे. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ४० पौंडांच्या धनुष्यासाठी हे वजन टोक आणि पिसांसह सुमारे २१ ते २६ ग्रॅम होते. बाण हातावरून किंवा साध्या टेकूवरून सुटत असेल तर प्लास्टिकच्या पात्यांऐवजी खरी पिसे लावावीत. पिसे मुठीला घासताना दबतात, प्लास्टिकचे पाते बाणाला धक्का देते.

दांडी तडकली आहे, हे कसे ओळखायचे?

मराठवाड्यातील बहुतांश मैदानांवर मुरूम आणि बेसाल्टचे दगड आहेत. फलक चुकलेला बाण दगडावर आपटतो, फलकाच्या लाकडी चौकटीत घुसतो किंवा आधीच्या बाणावर बसतो. अशा प्रत्येक घावानंतर तो बाण तपासल्याशिवाय पुन्हा दोरीवर चढवू नये.

तपासणीला अर्धा मिनिट पुरतो. दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून दूर, दांडी किंचित वाकवावी. फिरवत फिरवत चारही बाजूंनी हे करावे. नंतर हलका पीळ द्यावा. करकर किंवा टिकटिक असा आवाज आला तर ती बाद. कापसाचा बोळा दांडीवरून फिरवावा. धागे उसवले असतील तर कापूस अडकतो. दोरीची खाच बसवलेले मागचे टोक आणि पुढचे टोक येथे केसाएवढी चीर नाही ना, हे उजेडात पाहावे. उघड्या बोटाने दांडी चाचपू नये, कुसळ घुसते.

तडकलेली दांडी सुटताना फुटली तर तिचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतात. कार्बन साध्या एक्स-रेमध्ये सहज दिसत नाही. त्यामुळे अशी जखम झाल्यास 'कार्बनचा बाण फुटला' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. तुकडा घरी उपसण्याचा प्रयत्न करू नये.

आयुष्य वाढवण्यासाठी काय करावे?

फलकामागे जाळी किंवा मातीचा बांध असला की दगडावरचे घाव कमी होतात. बाण काढताना एक हात फलकावर दाबून, दुसऱ्या हाताने दांडी फलकाजवळ धरून सरळ मागे ओढावी. वर-खाली हलवू नये. टोक चिकटवताना दांडीवर थेट ज्योत धरू नये, रेझिन जळते. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत बाण ठेवल्यास टोकाचा आणि पिसांचा गोंद सुटू शकतो. दांडी हॅक्सॉने कापू नये, धागे उसवतात. वेगाने फिरणारी घासचकती वापरावी आणि कार्बनची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावावा.

डझनभर बाण एकदम घेण्याऐवजी आधी वेगवेगळ्या स्पाइनच्या दोन-तीन दांड्या घेऊन आपल्याच धनुष्यावर पारखाव्यात. प्रत्येक बाणावर क्रमांक टाकावा. तोच क्रमांक वारंवार गटाबाहेर जाऊ लागला, तर खेळाडूला बोलण्याआधी तो बाण तपासावा. बाद ठरलेली दांडी घरातल्या लहान मुलांच्या हाती जाण्यापूर्वी टेप गुंडाळून, दोन तुकडे करून टाकावी.